उपद्रष्टा : जवळून बघणारा

आजचा श्लोक गीतेच्या तेराव्या अध्यायातला, २२ वा (काही प्रतींत २३ वा). देहात असलेल्या परमपुरुषाला इथे जी नावं दिली आहेत, त्यातलं पहिलंच 'उपद्रष्टा'. उप म्हणजे जवळ. शंकराचार्य भाष्यात यज्ञाचं उदाहरण देतात: ऋत्विज आणि यजमान कामात गुंतलेत, शेजारी एक जाणकार बसलाय. तो स्वतः काही करत नाही, पण काय बरोबर चाललंय, काय चुकतंय, ते त्याला दिसतं.

आपल्या भाषेत, जॉब शॅडोइंग!

गेल्या आठवड्यात मी तेच केलं. आमची टीम फिजिओथेरपीच्या पेशंट्ससाठी ॲप बनवतेय, म्हणून चार दिवस एका क्लिनिकच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. फक्त बघायचं. गुडघा बदललेल्या एक आजी यायच्या. टाच पलंगावरून मागे सरकवत गुडघा वाकवायचा आणि ताई गोनिओमीटरने कोन मोजणार. ७० अंशांवर गाडी अडली. जिना नीट चढायचा तर साधारण ९० तरी हवेत. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा तिकडे बघा."

मी खुर्ची भिंतीकडे वळवली. ताईंनी सुरुवातीलाच त्यांना विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या होत्या. पण तो होकार दुखण्याआधीचा होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आपण 'साक्षीभाव' हा शब्द फार सहज वापरतो, दुसऱ्याच्या दुःखाबद्दलसुद्धा. पण गीतेतला उपद्रष्टा याच देहात आहे. माझ्या वेदनेकडे मी साक्षी होऊन बघावं, हे ठीक. तुमच्या वेदनेकडे तसं बघण्याचा अधिकार मला कोणी दिला? मला वाटतं, तिथे मी आधी पाहुणा आहे.

ताईही मदत करत नव्हत्या, बरं का. त्यांनी पाय उचलून दिला तर स्नायू शिकणार कसा? पण त्यांचा तळहात टाचेपासून दोन बोटांवर होता, पूर्ण वेळ. माझे हात लॅपटॉपवर होते. दोघंही नुसतेच बघत होतो, असं म्हणणं मला पटत नाही. आणि श्लोकातली नावंही उपद्रष्ट्यापाशी संपत नाहीत. पुढे अनुमन्ता येतो, मग भर्ता, म्हणजे भार वाहणारा.

आता आमच्या ॲपमध्ये फोनचा कॅमेरा घरचा व्यायाम बघून कोन काढणार आहे. व्हिडिओ आपोआप सेव्ह व्हावा असं डिझाइनमध्ये आहे, कारण डेटा जितका जास्त तितकं मॉडेल चांगलं. हे म्हणणं खोटं नाही. तरी मी दोन बदल सुचवलेत: रेकॉर्डिंग सुरुवातीला बंदच असावं, आणि व्यायाम चालू असतानाही एका बोटाने थांबवता यावं. मॅनेजरने विचारलंय, "युजरने आधीच संमती दिली असेल तर हे कशाला?" सोमवारी मीटिंग आहे.