टेकू

जे आत्ता कामाचं नाही ते सांभाळायचं, ते हिशेबानं की देणं म्हणून? हा प्रश्न मला पडला तो विमानाच्या पंखावरनं.

आमच्या पाहुण्यांचा पोरगा हडपसरला एका शेडात छोटं विमान बांधतोय. त्या भागाला विमानाचं नवल नाही. तिथल्या ग्लायडिंग सेंटरची बिनइंजिनाची विमानं आम्ही रानातनं मान वर करून बघत आलो. पोराचे पंख तयार झाले, पण बसवायला अवकाश होता. ते ठेवायला घोडी करायची म्हणून त्यानं मला बोलावलं.

पंख आडवा टाकला तर जागा खातो, वर कुणीतरी काहीतरी ठेवतं, पत्रा चेपतो. म्हणून पुढची कड खाली करून तो उभा ठेवायचा. पुढची कड गोल, भक्कम, मागची नाजूक. आम्ही अँगलची चौकट केली, खाली चाकं लावली आणि दोन ठिकाणी खाटेची नवार झोळीसारखी बांधली. झोळी बरगडीखालीच यायला पाहिजे. मधल्या पातळ पत्र्यावर भार नको. आत घोंगडीचा तुकडा घातला. उंदीर घर करतात म्हणून उघड्या तोंडाला जाळी.

हवेत हाच पंख सगळं विमान पेलतो. जमिनीवर त्यालाच कुणीतरी पेलावं लागतं.

आणि जमिनीवरचा काळ थोडा नसतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. तेवढी वर्षं सांभाळणं हेही विमान बांधण्यातच धरायला पाहिजे.

पण खरं सांगू? पंख सांभाळणं सोपं आहे. तो उद्या उडणार आहे. नांगराला तेल लावतो तेही पुढच्या पेरणीसाठीच. हा झाला हिशेब, आणि हिशेबात वाईट काही नाही.

अवघड असतो तो पुन्हा कधी जुवाखाली न जाणारा बैल. माझ्या गोठ्यात असा एक आहे. कडबा महागला की घरात त्याचा विषय निघतो. पोरं आकडे मांडतात, आणि आकडे खरे असतात. दुभत्या म्हशीच्या तोंडचं काढून त्याला घालावं, असं मीही म्हणत नाही. पण त्याच्या खांद्यावर आमचं घर उभं राहिलं. ते देणं तो थकला म्हणून फिटत नाही. म्हशीची वैरण झाली की एक पेंढी त्याच्यापुढे पडते. ती मी हिशेबात धरत नाही.