मुक्या श्रमांची मर्यादा

बेंदराच्या दिवशी आपण बैलांची शिंगे रंगवितो, अंगावर झूल घालतो, पुरणपोळीचा घास भरवितो. ही कृतज्ञता खरी आहे. परंतु एका दिवसाच्या पूजेने वर्षभराच्या श्रमांचे ऋण फिटते काय?

“बैल चालतो आहे, अर्थी त्याला झेपते आहे,” असे सहज म्हटले जाते. हे अनुमान सदोष होय. बैल सवयीने व आसुडाच्या धाकाने चालतो. त्यास संमती कोणी विचारलेली नसते. त्याचे उत्तर त्याच्या देहावर उमटते. एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असणारे अंगाचे तापमान भर उन्हातील ओढीने ४० च्या पुढे जाते, श्वास जलद होतो, तोंडास फेस येतो, पावले अडखळतात. बैल दीर्घकाळ टिकवू शकतो ती ओढ त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. चढावर क्षणभर तो कितीतरी अधिक जोर लावील. पण ते दिवसभराचे माप नव्हे. त्याचा विसावा हा आळसही नव्हे. कित्येक तास रवंथ केल्याखेरीज खाल्लेला कडबा अंगी लागत नाही. तसेच महिनोन्महिने गोठ्यात बसलेल्या बैलास एकाएकी उसाने भरलेल्या गाडीस जुंपणे अन्यायाचेच, कारण स्नायू व हृदय श्रमांस हळूहळूच सरावतात.

१९६५ च्या केंद्रीय नियमांनी हीच मर्यादा शब्दांत बांधली: दिवसात एकूण ९ तासांहून व विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम नको, ३७ अंशांहून अधिक उष्मा असल्यास दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपणी नको.

मग दोष एकट्या गाडीवानाचा काय? त्याची मजुरी टनावर ठरते. ओझे घटले की घरचे धान्य घटते. त्यास निष्ठुर म्हणणे सोपे, पण न्याय्य नाही. त्याने वाहिलेल्या उसाची साखर आपल्याच नैवेद्यात पडते. जो श्रमाचे फळ घेतो, तो त्या श्रमाच्या अतिरेकाचाही वाटेकरी होय. म्हणून भाडे ठरविताना घासाघीस न करणे, माल उतरविण्याची घाई न लावणे, दारी आलेल्या जोडीस सावली व पाणी देणे, ही भूतदया नसून देणे आहे.

ज्यास “पुरे” म्हणता येत नाही, त्याच्या वतीने “पुरे” म्हणणे हाच येथे धर्म होय.