रहबामाचे उत्तर आणि उजनीचे पाणी

शलमोन राजाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र रहबाम अभिषेकासाठी शखेमला गेला, तेव्हा जमलेले लोक त्याच्याकडे राज्य मागायला आले नव्हते. तुझ्या पित्याने आमच्या मानेवर ठेवलेले जू थोडे हलके कर, म्हणजे आम्ही तुझी सेवा करू, एवढीच त्यांची विनवणी होती. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. शलमोनाच्या पदरी वावरलेल्या वृद्धांनी त्याला सांगितले, आज तू यांचा सेवक हो आणि यांच्याशी चार गोड शब्द बोल. बरोबरीने वाढलेल्या मित्रांचा सल्ला अगदी उलट होता आणि राजाने तोच उचलला. जू हलके होणे दूरच, ते अधिक जड होईल, असे उत्तर मिळाले आणि दहा वंश दाविदाच्या घराण्यापासून कायमचे तुटले. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातली ही कथा आपल्या परिचयाची आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा नजरेतून निसटतो.

मित्रांनी शिकवलेल्या उत्तरात राजाची करंगळी आणि त्याच्या बापाची कंबर यांची तुलना आहे. मूळ हिब्रू शब्दांत ग्राम्य सूचन असावे, असे अनेक भाष्यकार मानतात. मात्र चौदाव्या वचनात रहबाम लोकांपुढे प्रत्यक्ष बोलतो, तेव्हा ते वाक्य त्यात नाही. चाबूक आणि विंचू आहेत, करंगळी नाही. मित्रांच्या कोंडाळ्यात हशा पिकवणारी गोष्ट गाऱ्हाणे घेऊन आलेल्यांसमोर बोलायची नसते, एवढे भान त्या उन्मत्त राजालाही राहिले होते.

हा अध्याय वाचताना इंदापूर तालुक्यातील निंबोडीची सभा आठवल्यावाचून राहत नाही. दिवस होता ६ एप्रिल २०१३, म्हणजे पुनरुत्थान सणानंतरच्या सप्ताहातला शनिवार. महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता. उजनीचे पाणी भीमेत सोडावे या मागणीसाठी सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी मुंबईच्या आझाद मैदानावर कित्येक दिवस उपोषणाला बसला होता. बारामतीचे त्या वेळचे आमदार आणि उपमुख्यमंत्री अजित पवार निंबोडीच्या सभेत त्या उपोषणाविषयी बोलले. धरणातच पाणी नाही, तर सोडायचे कुठून, इथवरचे बोलणे रास्त होते. त्यात प्रश्न होता आणि त्याला उत्तर देता येण्याजोगे होते. त्यापुढे लघुशंकेवरचा जो विनोद झाला, तो येथे उद्धृत करण्याचे कारण नाही; तो साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. भारनियमनावरही एक विनोद झाला. श्रोते हसले.

या हसण्याचा विचार मला त्या विनोदाहून अधिक अस्वस्थ करतो. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हा भीमाकाठची इंदापूर तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने मंदिर आजही उघडे पडते. पाण्यापायी काय गमवावे लागते हे या मुलखाइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही खालच्या अंगाच्या जिल्ह्यातील एका उपाशी माणसाची थट्टा झाली, तेव्हा हशा पिकलाच. आपल्या माणसांपुढे परक्याविषयी बोलताना जीभ सैल सुटते आणि समोरचे हास्य तिला आणखी सैल करते. रहबामाचे मित्र त्याच्या पाठीशी उभे होते. ध्वनिक्षेपकासमोरच्या पुढाऱ्याला सारी सभाच मित्रांचे कोंडाळे वाटू लागते. ज्याला उत्तर द्यायचे तो आझाद मैदानावर, आणि उत्तर ऐकणारे निंबोडीत, अशी ही विपरीत मांडणी होती.

म्हणूनच पवित्र शास्त्र पुढाऱ्याच्या वक्तृत्वाची फारशी चिंता करीत नाही. मोशेला नीट बोलता येत नव्हते. परमेश्वराने त्याची जीभ सुधारली नाही, अहरोनाला सोबतीला दिले. आणि सोन्याचे वासरू घडले ते या बोलक्या अहरोनाच्याच हातून. शलमोनाने गिबोनच्या स्वप्नात जे मागितले, त्याचा हिब्रूतला शब्दशः अर्थ ऐकणारे हृदय असा आहे. ते मागणाऱ्याच्या पोटी रहबाम जन्मावा, हेही शास्त्र काही न झाकता सांगते. बेनसिराही बजावतो की ऐकून घेण्याआधी उत्तर देऊ नये. आपल्याकडे बारामतीत राहून मोरोपंतांनी ‘केकावली’ रचली, ती देवाच्या कानी घातलेली आर्त हाकच होय. हाक ऐकणारा कोणी आहे, या विश्वासावाचून गाऱ्हाणे मांडलेच जात नाही.

निंबोडीची तुलना रहबामाशी येथे संपते, आणि न्यायाने ती संपवलीच पाहिजे. रहबामाने क्षमा मागितली नाही. बिथरलेल्या लोकांकडे त्याने अदोरामाला पाठवले, तोही वेठबिगारीचाच मुकादम! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. उपमुख्यमंत्र्यांनी मात्र जाहीर क्षमायाचना केली आणि १४ एप्रिलला कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ दिवसभर आत्मक्लेश केला. उजनीच्या जलाशयाला यशवंतसागर हे नाव आहे, हा योगायोगही लक्षात राहण्यासारखा. सत्तेवरील माणसाने असे बसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तिची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. तरी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला क्रम मनात येतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाण्यास प्रभू येशू सांगतो. शब्दाची जखम जिथे झाली, तिथेच जाऊन ती धुवावी लागते. गुरुजनांच्या समाधीपाशी पश्चात्ताप खरा असू शकतो; पण दुखावलेला माणूस तिथे नसतो.

आणि हसणाऱ्यांचे काय? याचे उत्तर शोधायला निंबोडीपर्यंत जायला नको. आपल्या धर्मग्रामाच्या सभेत स्मशानभूमीच्या वाटेविषयी वा नळाच्या पाण्याविषयी बोलायला एखादी विधवा उभी राहते. तिचे बोलणे लांबते, थोडे अडखळते. व्यासपीठावरून कोणी चटकदार शेरा मारतो, रांगारांगांतून हशा उसळतो आणि ती पदर सावरून खाली बसते. पुढच्या सभेला ती येत नाही. इतिवृत्तात नोंद होते की चर्चा होऊन विषय संपला.