मुखदर्शन

पंढरीच्या सुमारे २५० किलोमीटरांच्या वाटेवर निघालेली ज्ञानोबांची पालखी सासवडकडे जाताना दिवे घाट चढू लागली, की हिरव्या उतारावर भगव्या पताकांची जी वळणदार रेघ उमटते, ती टिपण्यासाठी छायाचित्रकारांची दाटी होते. परंतु माझा कॅमेरा, त्या विराट दृश्याचा अनादर न करताही, एखाद्या चेहऱ्याकडेच वळतो.

एका वारीत कठड्याशी विसावलेल्या वृद्धेने डोक्यावरचे तुळशीवृंदावन मांडीवर घेऊन पदराने त्याची धूळ पुसली, आणि मी परवानगी मागताच, वयाने कितीतरी लहान असलेल्या माझ्याच पायांना हात लावून ती म्हणाली, "माउली!"

मनुष्यमात्राच्या ठायी ईश्वर वसतो, हा सिद्धान्त ग्रंथात वाचणे निराळे आणि तो आपल्या पायांशी वाकलेला पाहणे निराळे. पंढरीत ज्यांना पदस्पर्श साधत नाही, ते मुखदर्शनाने तृप्त होतात. माणसाचे छायाचित्र घेणे हेही मला मुखदर्शनच वाटते. निसर्गापुढे आपण केवळ प्रेक्षक असतो. चेहरा मात्र उलट आपल्याकडे पाहतो, आपली कैफियत मांडतो आणि उत्तर मागतो.

घाट पुढच्या आषाढातही तिथेच असेल. ती आजी असेलच असे नाही.