माळकऱ्याचे ताट

मांसाहार का सोडावा, या प्रश्नाला धर्मग्रंथांनी, वैद्यकाने आणि अलीकडे पर्यावरणशास्त्रानेही आपापली उत्तरे दिली आहेत. परंतु सोडणाऱ्याच्या आयुष्यात त्या त्यागाला कोणता अर्थ येतो, हे कारणापेक्षा सोडण्याच्या रीतीवर अधिक अवलंबून असते. जन्माने लाभलेला शाकाहार आणि स्वतः पत्करलेला शाकाहार यांची ताटे वरून सारखीच दिसत असली, तरी नैतिक दृष्ट्या ती एक नव्हेत. मुळशी तालुक्यातील माण या गावी हा भेद डोळ्यांसमोर उभा राहतो. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा विस्तार ज्याच्या शिवारात झाला, त्या या गावात गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी शेतकरी, कुळाचार म्हणून मांस न खाणारा परगावचा नोकरदार आणि दूध-तूपही वर्ज्य मानणारा, ज्याला आता मराठीतही ‘व्हीगन’ म्हणतात असा तरुण, हे तिघे एकाच रस्त्यावर राहू शकतात.

यांपैकी माळकऱ्याचा शाकाहार सर्वांत कमी अभ्यासला गेला आहे आणि तोच सर्वांत विचार करायला लावणारा आहे. माळ घालणे म्हणजे वारकरी संप्रदायातील अधिकारी पुरुषाच्या हातून 108 मण्यांची तुळशीमाळ गळ्यात घेऊन एकादशीचा उपवास, पंढरीची वारी, परस्त्री मातेसमान मानणे आणि मद्य-मांसाचा त्याग हे नियम स्वीकारणे. मावळ-मुळशीतील माळ घेणारे बहुतेक लोक पिढ्यान्‌पिढ्या मांस खाणाऱ्या घरांतले असतात. या भागातल्या गावजत्रांत पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी घरोघर पाहुण्यांसाठी मटण शिजते. त्या दिवशी घरात एखादी म्हातारी माळकरी असेल, तर वशाटाचे पातेले स्वयंपाकघरात न येता अंगणात तीन दगडांच्या चुलीवर चढते, त्याची भांडी एरवीही गोठ्याकडे वेगळी ठेवलेली असतात, आणि म्हातारीचे पिठले-भाकरीचे ताट आत निराळे वाढले जाते. ती नातवंडांना रश्शापासून उठवत नाही. नातवंडेही तिचा तांब्या उष्ट्या हाताने उचलत नाहीत. नियम न पाळवला, तर माळ उतरवून ठेवावी लागते, ही तरतूदही महत्त्वाची आहे, कारण जे उतरवता येते तेच खऱ्या अर्थाने धारण केलेले असते.

या आचाराचे शास्त्रीय मूळ शोधू गेल्यास मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एक विलक्षण ताण आढळतो. तेथे एका ठिकाणी पशूला मारणाऱ्यासह अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना घातक ठरवले आहे. आणि पुढे थोड्याच अंतरावर मांसभक्षणात दोष नाही, ती प्राण्यांची प्रवृत्तीच आहे, परंतु निवृत्तीचे, म्हणजे त्या प्रवृत्तीपासून समजून मागे फिरण्याचे, फळ मोठे आहे, असे म्हटले आहे. टीकाकारांनी हा विरोध मिटवण्यासाठी पुष्कळ श्रम घेतले. तथापि या दुसऱ्या विधानातच माळकऱ्याची भूमिका नेमकी बसते: खाणारा पापी ठरत नाही, आणि तरीही न खाण्याला मोल राहते. हे मोल ज्याने सोडले त्याचे स्वतःचे असते. ते मुलाच्या नावावर चढत नाही आणि शेजाऱ्याकडून वसूलही करता येत नाही.

अहिंसेचा विचार शेवटपर्यंत नेला तर कोणतेही ताट निर्दोष उरत नाही, हे महाराष्ट्राला 1290 मध्येच सांगितले गेले होते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा या एका शब्दाचे विवरण करताना ज्ञानेश्वर पशुयज्ञाचे समर्थन करणाऱ्या मीमांसकांवर तर टीका करतातच, पण तेथेच न थांबता आयुर्वेदाकडेही वळतात. एका जीवाला वाचवण्यासाठी झाडे उपटणारे, मुळे खणणारे, साली सोलणारे हे शास्त्र जीवाच्या रक्षणासाठी जीवाचाच घात करते, असा त्यांचा आक्षेप आहे. वनस्पतीची वेदना इतक्या गांभीर्याने घेणारा ग्रंथकार भाजी खाणाऱ्याला श्रेष्ठत्वाचे प्रमाणपत्र देईल, हे संभवत नाही. म्हणूनच पुढे ते अहिंसेचे वर्णन आहाराच्या यादीने करत नाहीत. कणाकणात सूक्ष्म जीव गुंतले आहेत हे जाणून पाऊल हळुवार टाकणारा, केसर चुरगळू नयेत म्हणून कमळावर अलगद उतरणाऱ्या भुंग्यासारखा चालणारा मनुष्य ते उभा करतात, आणि मग त्याची वाणी, दृष्टी व हात यांत ती अहिंसा कशी उतरते हे दाखवत जातात. जैन परंपरेने जीवांची एका इंद्रियापासून पाच इंद्रियांपर्यंत श्रेणी लावून, कमीत कमी हिंसेचा मार्ग म्हणून कंदमुळेही वर्ज्य केली. त्या काटेकोरपणाचा आदरच केला पाहिजे. ज्ञानेश्वरांचा कल मात्र वर्ज्य पदार्थांच्या मोजदादीकडे नाही, मोजणाऱ्याच्या मनाकडे आहे.

हे मन बाजूला पडले की शाकाहार पायरी बनतो आणि त्या पायरीवर उभे राहून इतरांना खाली पाहता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात असा सिद्धांत मांडला, की ब्राह्मणांचा मांसत्याग हा बौद्ध धर्माशी चाललेल्या संघर्षात गमावलेली प्रतिष्ठा मिळवण्याचा डाव होता, आणि गोमांस खात राहिलेल्यांच्या माथी अस्पृश्यता आली. हा सिद्धांत सर्व इतिहासकारांना मान्य नसला, तरी आहाराने माणसांची उतरंड रचली जाते हा त्यातला अनुभव नाकारता येण्याजोगा नाही. केंद्र सरकारच्या 2014 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे 40 टक्के लोक शाकाहारी आढळले, म्हणजे बहुसंख्य मराठी माणसे मांस खातात. असे असताना पुण्या-पिंपरीच्या जाहिरातींत ‘भाडेकरू शाकाहारीच हवा’ अशी अट सर्रास छापली जाते. ही अट घालणाऱ्याने प्राण्यांचे दुःख कमी केलेले नसते, त्याने केवळ माणसाला दार बंद केलेले असते.

देहू नगरपंचायतीने 1 एप्रिल 2022 पासून आपल्या हद्दीत मांस-मासळीची विक्री बंद केली. तीर्थक्षेत्राच्या भावनेचा हा निर्णय समजण्यासारखा आहे, आणि रोज शेकडो माळकरी जेथे येतात तेथे त्याला आधारही आहे. परंतु त्याच देहूच्या तुकोबांनी, देव उच्चनीच जाणत नाही हे सांगणाऱ्या एका अभंगात, भक्तांच्या कामाला हात लावणाऱ्या विठ्ठलाची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत सजन कसायाबरोबर मांस विकू लागलेल्या देवाचेही उदाहरण आहे. परंपरेतील कथेनुसार हा सजन शाळिग्राम वजन म्हणून वापरून मांस तोलत असे. एका सज्जनाने तो देव त्या विटाळातून सोडवून नेला, तेव्हा देवानेच आपल्याला कसायाच्या तागडीत परत नेऊन ठेवण्यास सांगितले. मांसत्यागाचा नियम देणाऱ्या संप्रदायाने ही कथा जतन केली, यात विसंगती नाही. नियम साधकासाठी आहे. देवाच्या जवळिकीची ती अट नाही.

स्वीकाराने शाकाहार कसा बदलतो याचे नोंदलेले उदाहरण गांधींचे आहे. 1888 मध्ये लंडनला जाताना त्यांनी आईला मांस न खाण्याचे वचन दिले होते आणि ते केवळ वचनाखातर पाळत होते. हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक वाचल्यावर आपण बुद्धीने शाकाहारी झालो, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. एकदा आहार बुद्धीच्या कक्षेत आला की तो तेथेच थांबत नाही: पुढे त्यांनी दूध सोडले, आणि गंभीर आजारपणात शेळीचे दूध घेतल्यावर व्रताचा शब्द पाळला पण आत्मा हरवला, ही टोचणी त्यांना राहिली.

माणचा व्हीगन तरुण जो प्रश्न विचारतो, तो याच दुधाचा आहे. 1944 मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीपासून हा विचार संघटित झाला आणि भारतीय अन्नसुरक्षा नियमांत व्हीगन पदार्थांना स्वतंत्र चिन्ह मिळायला 2022 उजाडले, म्हणून त्याला परदेशी खूळ समजून बाजूला सारण्याचा मोह होतो. पण त्याची चिंता गोठ्यातलीच आहे. गाय-म्हैस दूध देते ती व्याल्यावर, आणि जन्मलेल्या पिलांपैकी जवळपास निम्मी नर असतात. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गाईच्या गोऱ्ह्याला नांगराचे काम उरले नाही. 2015 मध्ये राज्यात गोवंशहत्याबंदी बैलांनाही लागू झाल्यावर त्याला गिऱ्हाईक राहिले नाही, म्हणून त्याला पोसण्याचा किंवा मोकळा सोडण्याचा भार शेतकऱ्यावर पडला. म्हशीचे रेडकू त्या बंदीत येत नाही आणि त्याची वाट खाटिकखान्याकडेच जाते. दूध घालून संसार चालवणारा माळकरी हे जाणतो, आणि त्याच्यावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल, कारण हे दूध शहराला हवे आहे. तरीही ज्या संप्रदायाने ज्ञानेश्वरांनी वेद वदवल्याच्या कथेतील रेड्याची जुन्नर तालुक्यातील आळे येथील समाधी तीर्थ मानली, त्या संप्रदायाच्या कीर्तनात आणि फडावर रेडकाचा हा प्रश्न निघाला पाहिजे, आणि तो व्हीगन तरुणाने नव्हे, तर माळकऱ्यानेच काढला पाहिजे.