नाही म्हणायची सोय

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातल्या दोघी कवठे महांकाळच्या असल्या तरी कुठल्या खऱ्या घरातल्या नाहीत, आणि ज्या कागदावरून बोलणं सुरू होतं ती चाचणीही कल्पित आहे. बाकी ज्या चाचण्या आणि आकडे बोलण्यात येतात, ते घडलेले आणि छापलेले आहेत.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. गॅस आहे, पित्त आहे म्हणत गोळ्या घेत राहिली आणि पोट फुगलं तेव्हा तिला मिरजेला नेलं. अंडाशयाचा कर्करोग, तिसरा टप्पा. भाची मिरजेतच एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी सांगितली आहे आणि सोबत चाचणीचा संमतीचा कागद दिला आहे. काही बायकांना दोन्ही औषधं दर तीन आठवड्यांनी मिळतील, तर काहींना त्यातलं पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, थोड्या थोड्या मात्रेत. कुणाला काय द्यायचं, हे डॉक्टरांच्या हातात नाही. ते संगणक ठरवणार.

आत्या: वाचला बघ तुझा कागद. मराठी बरी आहे. पण एका वाक्यापाशी अडले. 'यातली कोणती पद्धत अधिक चांगली, हे अजून निश्चित माहीत नाही.' इतकी वर्षं ही औषधं देतायत आणि माहीत नाही?

भाची: खरंच नाही, आत्या. २००९ मध्ये जपानच्या डॉक्टरांनी ६३१ बायकांवरचा निकाल छापला. आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल दिलेल्या गटात निम्म्या बायकांचा रोग २८ महिने पुढे सरकला नाही. नेहमीच्या पद्धतीत हाच काळ १७ महिन्यांचा होता. लोक हरखून गेले. मग ब्रिटनच्या पुढाकारानं १५६६ बायकांवर तसंच करून पाहिलं, त्याचा निकाल २०१९ मध्ये आला. रोग थांबण्यात म्हणावा असा फरक नव्हता.

आत्या: मग आपलं शरीर कुणासारखं? जपानी बाईसारखं की गोऱ्या बाईसारखं?

भाची: तेच या कागदात विचारलंय.

आत्या: डॉक्टरांना मनातून काहीतरी वाटत असेलच की. मला तेवढं सांगा आणि तेच द्या. संगणक कशाला मध्ये?

भाची: वाटतं ते किती वेळा चुकतं, हे तुला सांगते. दोन औषधांनी एवढं होतं तर तिसरं घातलं की आणखी होईल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. वाटणारच, तू डॉक्टर असतीस तर तुलाही वाटलं असतं. मग ४३१२ बायका, पाच गट. एका गटाला नेहमीची जोडी, बाकीच्यांना तिसरं औषध वेगवेगळ्या तऱ्हेनं. २००९ मध्येच निकाल छापला. आयुष्य एका महिन्यानंही वाढलं असं दाखवता आलं नाही. रक्तातल्या पेशी मात्र जास्त घसरल्या. ती चाचणी झाली नसती तर आज तुझ्या सलाइनमध्ये तिसरी बाटली लागली असती, आणि आम्ही ती मोठ्या मायेनं लावली असती.

आत्या: म्हणजे ज्यांच्या वाट्याला तिसरं औषध आलं, त्यांनी फुकटचा त्रास काढला.

भाची: फुकटचा कसा? त्यांच्यामुळं तू वाचलीस ना त्यातून.

आत्या: मी वाचले, त्या नाही. हे 'आपल्यामुळं दुसऱ्याचं भलं' माझ्या तोंडी शोभेल, त्यांच्या वतीनं तू बोलू नकोस. द्राक्षाच्या बागेत नवं औषध मारायचं झालं की आपण दोन ओळी बिनफवारणीच्या सोडतो. डाऊनी रोग त्या दोन ओळींवर आला तर औषधाचा गुण कळतो. पण त्या वेली 'आम्हाला मध्ये धरू नका' म्हणत नाहीत, आणि बागेतून उठून जात नाहीत. बाईला दोन्ही करता येतं.

भाची: म्हणून तर कागद आहे. आणि दोन ओळी पूर्ण सोडणं इथं नाहीच. दोन्ही गटांना तीच दोन औषधं मिळणार, आज जगात पहिल्या उपचाराला देतात तीच.

आत्या: इथं नाही. पण दुसरीकडं सोडल्या होत्या. बार्शीचं मला ठाऊक आहे.

भाची: उस्मानाबादची चाचणी?

आत्या: तीच. आपल्या स्टेशनावरून जाणारी लाइन पंढरपूर, कुर्डुवाडी करत बार्शीला पोचते. परक्या मुलखातली गोष्ट नाही ती.

भाची: बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा, दोन्ही त्यात होती. १९९९ मध्ये सुरू झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर पकडता येतो का, हा प्रश्न. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकाची पॅप, म्हणजे मुखावरच्या पेशींची तपासणी, एकाची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला या रोगाची माहिती दिली, तपासणी कुठं होते ते सांगितलं, एवढंच. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी ३४ बायका या रोगानं गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४.

आत्या: तपासणीनं जीव वाचतात, हे १९९९ मध्ये जगाला माहीत नव्हतं?

भाची: श्रीमंत देशांना पॅपचं माहीत होतं, पुन्हापुन्हा करायची तपासणी म्हणून. आयुष्यात एकदाच, खेड्यात, मोजक्या माणसांनिशी केली तर काय होतं, हे माहीत नव्हतं. आणि उत्तरही सोपं निघालं नाही. पॅप आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत मृत्यू ठळकपणे कमी झालेच नाहीत. एचपीव्हीनंच झाले. आधी कुणी छातीठोकपणे हे सांगितलं नसतं.

आत्या: मग तिन्ही तपासण्या एकमेकींशी ताडायच्या. चौथा गट कशाला?

भाची: त्यांचं म्हणणं, त्या जिल्ह्यात अशा तपासणीची रीत नव्हतीच. चौथ्या गटाकडून काही काढून घेतलं नाही.

आत्या: काढून घेतलं नाही, कबूल. पण काही नसणं हीच तिथली रीत धरली आणि त्याच्याशी तुलना केली, तर गरिबी हाच एक उपचार ठरला की गं!

इथं मला मध्ये बोललं पाहिजे. दोघींचंही पटतं, असं म्हणून सुटता येणार नाही. ज्या भागात बाईच्या अंगावरून पाणी जातं हे घरात सांगायचीही चोरी होती, तिथं गावोगाव जाऊन हजारो बायकांची तपासणी करणं आणि रोग सापडला तिच्यावर उपचार करणं, हे बार्शीच्या लोकांचं काम मी मनापासून मोठं मानतो. एचपीव्ही तपासणीच्या बाजूच्या जगातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक या कोरडवाहू मुलखातून गेला आहे. तरीही चौथ्या गटाबाबत माझं मत आत्याच्या बाजूचं आहे. तुलनेच्या गटाला तिथं जे पडून आहे ते देऊन भागत नाही. संशोधक त्या गावात पोचलेच आहेत, तर त्यांना तिथं नेता येईल असं चांगल्यात चांगलं जे असेल, ते त्या गटाला मिळालं पाहिजे. अंडाशयाच्या कर्करोगावरच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत हे बहुतेक पाळलं गेलं आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनबरोबर सायक्लोफॉस्फमाइड की पॅक्लिटॅक्सेल, हे ताडून पाहिलं, तेव्हा हरलेल्या गटालाही त्या काळचा मान्य उपचारच मिळाला होता. निम्म्या बायका जगल्या तो काळ तिथं २४ महिन्यांवरून ३८ वर गेला. आज पॅक्लिटॅक्सेल सगळीकडं का आहे, त्याचं मूळ इथं आहे.

आत्या: बरं, माझ्या गटाला चांगलं मिळणार, हे मानलं. आता खरं सांग. आपल्या तालुक्यात असला कागद पुढं आला की बाई पहिलं काय विचारते? 'औषध फुकट आहे का?' तिला जपान, ब्रिटन काही देणंघेणं नाही. फुकट आहे म्हटलं की अंगठा. ती संमती कसली?

भाची: म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजना महत्त्वाची. ही नेहमीची केमो योजनेतून मिळते.

आत्या: मी चाचणीला नाही म्हटलं तर तेच डॉक्टर, त्याच वॉर्डात, तीच औषधं योजनेतून देतील?

भाची: द्यायलाच पाहिजेत. आणि मध्येच सोडून गेलीस तरी उपचार थांबवता येत नाहीत.

आत्या: मग माझं हो हे माझं आहे. ज्या बाईला नाही म्हटल्यावर घरी जाऊन मरायचंय, तिच्या 'हो'वर चाचणी उभी करू नये. डॉक्टर कितीही भला असू दे.

भाची: पण उलटं बघ ना. योजना पोचली नाही अशा ठिकाणी चाचणीच नको म्हटलं, तर तिथल्या बाईला निदान मिळाला असता तो उपचारही गेला.

आत्या: हे अवघड आहे. (थोडं थांबून) नाही, तरी मी म्हणेन आधी उपचार पोचवा, मग प्रश्न विचारा. उपचाराच्या बदल्यात प्रश्न नको.

भाची: कायदा थोडा तुझ्या बाजूला सरकलाय. स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये औषधांच्या चाचण्यांवरून सरकारला धारेवर धरलं. दुबळ्या स्थितीतल्या माणसांवर नव्या रसायनाची चाचणी असेल तर संमती घेतानाचं चित्रीकरण लागतं. २०१९ च्या नियमांत इजा झाली तर उपचार आणि भरपाईही आहे.

आत्या: चित्रीकरणात अंगठा दिसेल. पोटातली भीती दिसत नाही त्यात. ते असू दे. आता माझा प्रश्न. दर आठवड्याला मिरज म्हणजे बरोबर येणाऱ्याची दर आठवड्याला हजेरी बुडणार. हे कुठं मोजतात? आणि ही मुंग्यांची गोष्ट, पान उलटल्यावर बारीक अक्षरात आहे ती.

भाची: पॅक्लिटॅक्सेलनं हातापायाच्या बोटांना बधिरपणा येतो. काहींचा जातो, काहींचा राहतो.

आत्या: मी खडूचं काम संपवून बसले आहे. पण आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायका विरळणीला जातात. घडातला मणी न् मणी बोटानं चाचपून कात्री चालवायची. बोटं बधिर झाली तर त्या बाईचा रोग थांबला आणि पोटही थांबलं. तुमच्या २८ आणि १७ महिन्यांत हे कुठं बसतं?

भाची: इटलीत बसवलं होतं. तिथं दोन्ही औषधं दर आठवड्याला, कमी मात्रेत देऊन पाहिली. २०१४ मध्ये निकाल आला. रोग थांबण्यात फायदा नाही, म्हणजे चाचणी हरली असंच म्हणायचं. पण त्या गटात बोटांचा बधिरपणा कमी, केस जाणं कमी, रोजचं जगणं बरं.

आत्या: हरली? माझ्या गल्लीत ती जिंकली! कुणाला विचारून ठरवलं हरली म्हणून?

भाची: (गप्प.)

आत्या: बघ, मला वाटायचं की प्रश्न चिठ्ठीचा आहे, माझं नाव कुठल्या गटात निघतं याचा. तो नाही. माहीत नाही तर चिठ्ठी काढा, त्यात मला अपमान वाटत नाही. उलट उगाच माहीत असल्याचा आव आणणाऱ्यापेक्षा तो डॉक्टर बरा. माझी तक्रार प्रश्न कुणी लिहिला याच्याशी आहे. काय मोजायचं हे ठरवताना विरळणीला जाणारी बाई तिथं बसली होती का?

भाची: बसायची तरतूद आहे, आत्या. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीला मंजुरी देणाऱ्या प्रत्येक नैतिकता समितीत कमीत कमी सात जण लागतात. त्यात एक बाई, एक कायद्याचा जाणकार, आणि एक सामान्य माणूस, वैद्यकाशी संबंध नसलेला.

आत्या: आणि तो सामान्य माणूस कोण असतो?

भाची: बहुधा शहरातला कुणी ओळखीचा.

आत्या: मी सही करते. पण आधी डॉक्टरांना विचार, बोटांचा बधिरपणा दर खेपेला लिहून घेणार का, आणि निकाल लागल्यावर तो मराठीत आमच्यापर्यंत येणार का. दोन्हीला हो म्हणाले तर. नाहीतर योजनेतून दर तीन आठवड्यांची केमो घेईन, बिनबोभाट.

आत्याचा हा निर्णय मला योग्य वाटतो. दोन्ही गटांना चांगला उपचार, नाही म्हटलं तरी उपचार कायम, आणि बाईला जे महत्त्वाचं ते मोजलं जाणार: एवढं असेल तर अशा चाचणीत जावं, आणि एवढं नसेल तर जाऊ नये.

आपल्या देशात औषधांची प्रत्येक चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदवावी लागते. ती नोंद कुणालाही, एक पैसा न देता, पाहता येते. तुमच्या घरी असा कागद आला तर नोंदणी क्रमांक विचारा आणि काय मोजणार आहेत ते तिथं वाचा. आणि कवठे महांकाळ, जत, आटपाडीच्या निवृत्त शिक्षिकांनो, मिरज-सांगलीच्या रुग्णालयांत नैतिकता समित्या असतील तिथं अर्ज करून सामान्य माणसाची ती एक जागा मागून घ्या.