भिंतीवरची मोट



थोरल्या बंधूंच्या नातवाने पुण्यात घर घेतले. वास्तुशांतीला गेलो, तर बैठकीत मोठे छापील चित्र. विहीर, धावेवरून उतरणारी बैलजोडी, नाड्यावर बसलेला मोटकरी, थारोळ्यात कोसळणारे पाणी. शेजारी लोखंडी नांगराचे आणि जुन्या ऑईल इंजिनाचे चित्र. अशा चित्रांच्या मोजक्याच प्रती छापतात, त्यांवर क्रमांक घालतात आणि हौशी लोक त्या जमवतात, असे कळले.

माझे डोळे भरले. मग मनात आले, हे स्मरण की मोह?

चित्रात काय नाही ते पाहा. बैलाचा सुजलेला खांदा नाही. १९७२ च्या दुष्काळात उघडा पडलेला विहिरीचा तळ नाही. त्या साली आमची जोडी बाजारात गेली, तेव्हा दावे बंधूंच्या हातात होते. मी परगावी सप्ताहात कीर्तन करीत होतो. पुढे चाळीस वर्षे मोटेचा दृष्टांत रंगवून सांगितला, श्रोते गहिवरले. मोट मात्र बंधूंनीच हाकली होती. मग चित्र विकणाऱ्याला कोणत्या तोंडाने दोष देऊ?

आणि जुने ते सगळे सोने, असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी लोकांना भीती होती. आज तोच नांगर जुनी शोभा झाला. इंजिन आले आणि बैलांचे खांदे सुटले. त्याचे दुःख का करावे?

कोणी म्हणेल, विठोबाचीही तसबीर आपण लावतोच. लावतो, पण ती आपल्याकडे मागते. फूल, दिवा, एकादशी, वारी. भिंतीवरची मोट काहीच मागत नाही. स्मरणाने स्मरणारा बदलला तर ती भक्ती, नुसता सुखावला तर तो मोह. सावता महाराजांना देव भेटला तो अरणच्या मळ्यात काम करताना, मळ्याच्या आठवणीत नव्हे.

मग चित्र काढावे का? नको. त्याला मागू द्यावे. नातवाला म्हणालो, "बाळा, नाड्यावर बसलेत ते तुझे आजोबाच समज. प्रवास झेपत नाही म्हणून गावी आहेत. तळहाताचे घट्टे अजून गेले नाहीत. एकदा तो हात हातात घे."

बोललो, आणि आठवले की यंदा मीही गेलो नव्हतो. सकाळच्या एसटीने निघालो.

माउली, चित्र राहू द्या. पण त्यातला माणूस हयात आहे, तोवर आधी त्याचे पाय धरा.